कॉलेजचं कॅन्टीन विद्यार्थ्यांनी चालवायला घ्यावं का?

वडापाव पंधराचा वीस रुपये झाला आणि चहा पाणचट लागायला लागला, की पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात एक मागणी हमखास निघते: ठेकेदाराला घालवा आणि कॅन्टीन विद्यार्थी परिषदेकडे द्या. मागणी रास्त आहे. जो रोज तिथं खातो त्याला तिथल्या कारभारात शब्द असायलाच हवा. पण कॅन्टीन 'चालवायला घेणं' म्हणजे नेमकं काय काय अंगावर घेणं, हे निवेदनात कधी लिहिलेलं नसतं. ते इथं आकड्यांसकट मांडतो.

आमचं मत आधीच सांगतो. विद्यार्थी परिषदेनं कॅन्टीन चालवू नये. विद्यार्थ्यांनी चालवावं, पण वेगळी नोंदणीकृत संस्था काढून, पगारी व्यवस्थापक ठेवून आणि आधी निदान एक सत्र खरे आकडे पाहून. हॉस्टेलच्या मेसची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती विद्यार्थ्यांनी चालवायलाच हवी, आणि ती चालवणं तुलनेनं सोपंही आहे.

आधी भाडं विचारा

भाव वाढले की सगळा राग ठेकेदारावर निघतो. पण त्याचं कॉलेजशी झालेलं करारपत्र वाचा, निदान ऑफिसात जाऊन मागून तरी बघा. कॅन्टीनची निविदा अनेकदा 'जो जास्त भाडं देईल त्याला' या तत्त्वावर निघते. समजा महिन्याचं भाडं ४०,००० रुपये आहे, महिन्यात २४ दिवस कॅन्टीन चालतं आणि दिवसाला ५०० बिलं होतात. म्हणजे महिन्याला १२,००० बिलं. प्रत्येक बिलात ३ रुपये ३३ पैसे निव्वळ भाड्याचे. तीस रुपयांच्या सरासरी बिलात हे नऊ रुपयांत एक रुपया पडतं, आणि तो रुपया ठेकेदाराकडे राहत नाही, संस्थेच्या तिजोरीत जातो.

हीच निविदा उलटी काढता येते. भाडं कॉलेजनं आधीच ठरवून टाकायचं, वीज-पाण्यापुरतं, आणि स्पर्धा दरपत्रकावर लावायची: ठरावीक २० पदार्थ, प्रत्येकाचं ठरावीक वजन, आणि ज्याची एकूण बेरीज सगळ्यात कमी त्याला ठेका. वजन लिहिणं महत्त्वाचं आहे, नाहीतर भाव तोच राहतो आणि वडा लिंबाएवढा होतो. वर्षातून एकदाच, जूनमध्ये, भाववाढ. आणि खरेदीची बिलं महिन्यातून एकदा बघण्याचा विद्यार्थी समितीला अधिकार. एवढ्या तीन कलमांनी निम्म्या तक्रारी मिटू शकतात, आणि त्यासाठी कुणालाही शेगडीपाशी उभं राहावं लागत नाही. मोर्चा काढायचाच असेल तर आधी या मागणीसाठी काढा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

एका चहाचा हिशेब

तरीही चालवायचंच म्हटलं, तर सुरुवात चहापासून करू. दर बदलत राहतात, तेव्हा खालचे भाव उदाहरणादाखल धरा आणि आपल्या भागातले घालून पुन्हा मांडा.

एक लिटर दूध ६० रुपये. अर्धा लिटर पाणी. साखर १२० ग्रॅम, साडेपाच रुपये. चहा पावडर ४० ग्रॅम, ४५० रुपये किलोची धरली तर १८ रुपये. आलं तीन रुपयांचं, गॅस चार रुपयांचा. बेरीज साधारण ९० रुपये. उकळून, गाळून, चोथ्यात राहिलेलं वजा जाता हातात येतो सव्वा-तेराशे मिली, म्हणजे १०० मिलीचे तेरा कप. कपाला सात रुपये पडले. दहाला विकला तर तीन रुपये सुटले, आणि त्यात अजून भांडी घासणाऱ्याचा पगार धरलेला नाही. याच पातेल्यात अर्धा लिटर पाणी जास्त घातलं की तेराचे अठरा कप होतात आणि कप पाच रुपयांवर येतो. चहा पाणचट का होतो, याचं उत्तर हे. तुम्ही चालवायला घेतलंत तरी तो मोह त्याच पातेल्यात असणार आहे, म्हणून दूध-पाण्याचं प्रमाण भिंतीवर लिहून लावा.

वडापाव आणि पोह्यावर सुटतं जास्त. सगळं मिळून कच्चा माल आणि गॅस वजा जाता विक्रीच्या ४५ टक्के हातात राहतात असं धरू. आता ठाम खर्च मोजा, म्हणजे विक्री होवो न होवो, द्यावाच लागणारा. आचारी, दोन मदतनीस, काउंटरवरचा माणूस, भांडी-झाडलोट: महिन्याला १,१०,००० रुपये. वीज, नाममात्र भाडं, हिशेबनीस, पेस्ट कंट्रोल, दुरुस्ती आणि फुटतूट मिळून आणखी ५०,०००. एकूण १,६०,०००. तो भरून निघायला महिन्याला साधारण ३ लाख ५५ हजारांची विक्री हवी. २४ दिवसांनी भागलं तर दिवसाला १४,८०० रुपये. तीस रुपयांचं सरासरी बिल धरलं तर रोज ४९५ गिऱ्हाइकं. मोठ्या कॉलेजात हे जमण्यासारखं वाटतं.

पण कॉलेज बारा महिने भरत नाही. मोडतं ते इथं. पगार वर्षभर द्यायचे, म्हणजे ठाम खर्च १९ लाख २० हजार. पूर्ण गर्दीचे दिवस १८० धरा, परीक्षेच्या काळातले अर्ध्या गर्दीचे ६०, म्हणजे हिशेबाला २१० दिवस. वर्षाची लागणारी विक्री ४२ लाख ६७ हजार भागिले २१०: दिवसाला २०,३०० रुपये. रोजची गिऱ्हाइकं ४९५ वरून थेट ६७७ वर जातात.

मग ठेकेदाराचं कसं भागतं? त्याच्याकडे बहुधा हे एकच कॅन्टीन नसतं. एप्रिल-मेमध्ये कॉलेज सुनं पडतं तेव्हा लग्नसराई जोरात असते. त्याचा आचारी आणि पोरं तिकडे जातात, किंवा एखाद्या कंपनीच्या कॅन्टीनला लागतात. सुट्टीचा खर्च तो दुसऱ्या धंद्यावर काढतो. विद्यार्थ्यांच्या संस्थेला तसं दुसरं दार नाही. मार्चअखेर आचाऱ्याला सोडला तर जूनमध्ये तो परत येईलच असं नाही, आणि नवा आचारी शोधेपर्यंत पहिलं सत्र निम्मं संपतं. यावर एकच उपाय आहे: दर महिन्याच्या शिलकेतून 'सुट्टी निधी' वेगळ्या खात्यात काढून ठेवायचा आणि फेब्रुवारीपर्यंत दोन महिन्यांचे पगार त्यात जमलेले असलेच पाहिजेत. ज्यांना डिसेंबरात फायदा दिसतो आणि जे स्नेहसंमेलनाच्या दिवसांत भाव उतरवतात, त्यांचं मे महिन्यात काय होतं ते वरच्या आकड्यांतच आहे.

परिषद का नको

विद्यार्थी परिषद ही २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातली रचना आहे. तिची मुदत एका वर्षाची. तिच्या नावानं अन्न परवाना काढणं, कामगार नेमणं, किराणावाल्याचं देणं पुढच्या वर्षी नेणं, हे तिचं कामच नाही. ब्रिटनमधल्या विद्यापीठांत विद्यार्थी संघ कॅफे आणि बारही चालवतात, हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तिथले बरेचसे संघ नोंदणीकृत धर्मादाय संस्था आहेत, त्यांच्याकडे कायमचे पगारी व्यवस्थापक असतात. निवडून आलेली मुलं वर्षानं बदलतात, कोठाराच्या किल्ल्या बदलत नाहीत.

आपल्याकडे याला सरळ मार्ग सहकाराचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वेगवेगळ्या कुटुंबांतल्या किमान दहा जणांना संस्था नोंदवता येते. अकरावी-बारावीच्या मुलांचं काय, असा प्रश्न येतो; संस्था केवळ शाळा-कॉलेजच्या विद्यार्थ्यांच्या हितासाठी असेल तर अठरा वर्षांखालचेही सभासद होऊ शकतात, कायद्यात तशी सूट आहे. दरवर्षी लेखापरीक्षण, ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा, आणि निव्वळ नफ्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत, ही बंधनं आहेत. जाचक वाटतील, पण वर्षाअखेर वही घेऊन कुणी गायब होऊ नये यासाठी हीच उपयोगी पडतात. पास होऊन जाणाऱ्यांचे भाग (शेअर) परत कसे करायचे, हे उपविधीत, म्हणजे संस्थेच्या नियमावलीत, पहिल्याच दिवशी लिहा. तीन वर्षांनी निम्मे सभासद गाव सोडून गेलेले असतात आणि सभेची गणपूर्ती होत नाही.

सहकाराची मोठी उदाहरणं देताना एक फरक नजरेआड होतो. कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा १९५७-५८ मध्ये तिथल्या कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतःकडे घेतली. इंडियन कॉफी हाउस त्यातून उभं राहिलं. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'स्वच्छ' ही संस्थाही कष्टकऱ्यांचीच. या संस्था टिकल्या कारण सभासदांचं पोटच त्यांच्यावर होतं आणि ते वर्षानुवर्षं तिथंच होते. विद्यार्थी तीन-चार वर्षांत जातो. म्हणून आमची आग्रहाची सूचना: आचारी, मदतनीस, भांडी घासणाऱ्या मावशी यांना व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बोलवा, त्यांचं म्हणणं इतिवृत्तात लिहा. कॅन्टीनची स्मृती त्यांच्याकडे असते. आणि स्वस्ताईसाठी त्यांच्या पगाराला हात लावू नका. किमान वेतनाखाली माणसं राबवून दिलेला स्वस्त वडापाव विद्यार्थ्यांच्या नावानं विकला जाऊ नये.

कराचीही एक गाठ आहे, ती फार जणांना माहीत नसते. शिक्षणसंस्था स्वतः आपल्या विद्यार्थ्यांना आणि कर्मचाऱ्यांना जेवण पुरवत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. बाहेरचा ठेकेदार पुरवत असेल तर ५ टक्के लागतो. केंद्र सरकारनं हे २०१८ मध्ये स्पष्ट केलं. विद्यार्थ्यांची वेगळी सहकारी संस्था म्हणजे कराच्या दृष्टीनं बाहेरचीच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी आली, आणि वरच्या ४२ लाख ६७ हजारांच्या विक्रीत कराचे दोन लाखांच्या आसपास जातात. ते आधीच भावात धरा.

मेस का जमते

मेसला गिऱ्हाईक ठरलेलं असतं आणि पैसे आगाऊ जमा असतात. या दोन गोष्टींनी सगळा फरक पडतो. रेक्टर आणि मेस सेक्रेटरी यांच्या जोडसहीनं खातं, ते शिक्षणसंस्थेच्या नावानं. म्हणजे वरचा कराचा प्रश्नही येत नाही. महिन्याचा एकूण खर्च भागिले एकूण थाळ्या, एवढंच गणित.

८० जणांच्या एका वेळच्या जेवणाला अंदाज असा धरतात: माणशी चार पोळ्या म्हणजे ३२०, किलोभर पिठाच्या साधारण तीस होतात, तेव्हा ११ किलो पीठ. तांदूळ साडेपाच किलो, डाळ पावणेतीन किलो, निवडलेली भाजी १२ किलो, तेल दीड-पावणेदोन किलो. व्यावसायिक सिलिंडर १९ किलोचा. दोन्ही वेळच्या स्वयंपाकाला तो अडीच-तीन दिवस पुरतो. दीड दिवसात संपायला लागला तर बर्नर काजळलाय का, किंवा गळती आहे का, ते त्याच दिवशी बघा. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर मेसला वापरणं बेकायदा आहे.

मेस मोडते ती खाड्यांवरून, म्हणजे न जेवलेल्या दिवसांच्या वजावटीवरून. ठाम खर्च (पगार, वीज) ९०,००० आणि थाळीमागे माल ३६ रुपयांचा असं धरा. ८० जण, ६० वेळा, ४,८०० थाळ्या: थाळी पडली पावणेपंचावन्नला. दिवाळीच्या महिन्यात निम्मे गावी गेले, २,४०० थाळ्या झाल्या: थाळी साडेत्र्याहत्तर. जे थांबले, म्हणजे बहुतेक वेळा लांबून आलेले आणि तिकिटाला पैसे नसलेले, त्यांच्याच बोकांडी जास्त दर बसतो. मग तेही डबा लावतात आणि दर आणखी चढतो. यावर तोड अशी: ठाम खर्च सगळ्या सभासदांवर समान, माणशी १,१२५ रुपये महिना, त्याला खाडा नाही. खाडा फक्त मालाच्या ३६ रुपयांना. सलग तीन दिवसांचाच खाडा धरायचा आणि तो आदल्या रात्री नऊपर्यंत वहीत लिहायचा, कारण सकाळची भाजी त्या आकड्यावर आणली जाते. तोंडी सांगितलेला खाडा मानायचा नाही, मग तो सेक्रेटरीचा रूम पार्टनर का असेना.

फोडणीचा भात

स्वयंपाकघरात काय चुकतं याची यादी मोठी आहे, पण एका गोष्टीवर थांबतो, कारण ती सगळ्यांना निरुपद्रवी वाटते. दुपारचा भात उरतो. पातेल्यावर झाकण ठेवून तो ओट्यावर राहतो आणि रात्री फोडणीचा भात होतो. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात; त्यांपैकी उलट्या करवणारं विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणजे रात्री कितीही खरपूस परतलात तरी ते भातातच राहतं. मोठ्या पातेल्याचा मधला भाग चार-पाच तास कोमट राहतो, म्हणून मेसमध्ये हा धोका घरापेक्षा जास्त.

करायचं असं: उरलेला भात लगेच पसरट ट्रेमध्ये दोन बोटांहून कमी थरात पसरायचा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ५ अंशांखाली, आणि परत वाढताना वाफ येईपर्यंत आतून गरम. हे जमणार नसेल तर भात टाकून द्यायचा. तोच नियम वड्याच्या बटाट्याच्या सारणाला. सकाळी सातला केलेलं सारण दुपारी तीनला तळायचं नाही. गरम वाढायचे पदार्थ ६० अंशांच्या वर राहिले पाहिजेत. अन्नात खुपसायचा थर्मामीटर काही शे रुपयांना मिळतो, तो घ्या आणि पंधरवड्यातून एकदा उकळत्या पाण्यात तपासा. पुण्यात तो शंभराच्या किंचित खाली, ९८ च्या आसपास दाखवेल. शहर उंचावर आहे, थर्मामीटर बिघडलेला नाही.

परवान्याचं थोडक्यात: एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी किंवा परवाना, उलाढालीप्रमाणे, ऑनलाइन निघतो, त्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागात लावायचा. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी. दर पंचवीस जणांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक. तळणाच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं वाढणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल बाद. आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं अग्निसुरक्षेचं 'बी' प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैत. दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तर राज्य कामगार विमा लागू होतो. आणि परवान्यावर ज्याचं नाव, जबाबदारी त्याची, हे पदाधिकाऱ्यांनी सही करण्याआधी समजून घ्यावं.

पैशाच्या बाबतीत दोनच गोष्टी, पण दोन्ही अटळ. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचाच हवा. 'तात्पुरता' म्हणून सेक्रेटरीच्या नंबरचा लावला की लाखोंची उलाढाल त्याच्या पॅनवर दिसते, आणि तो पास होऊन गेल्यावरही मुलं सवयीनं त्यालाच पैसे पाठवत राहतात. दुसरी, उधारी शून्य. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याच्यासाठी कूपनं काढा, त्याचा खर्च वेगळ्या शीर्षकाखाली उघडपणे लिहा. मैत्रीतली उधारी कुठल्याच वहीत येत नाही आणि वसूलही होत नाही.

एवढं वाचून उत्साह शिल्लक असेल, तर जानेवारीत एक चहाचं काउंटर मागून घ्या, ठेकेदार असतानाच. चहा, खारी, क्रीमरोल, केळी, शेंगदाण्याची चिक्की. यात उरलेलं शिजवलेलं अन्न नाही, त्यामुळे धोका कमी. परवाना मात्र यालाही लागतोच, तो आधी काढा. काउंटरवर 'कमवा आणि शिका' योजनेतली मुलं दोन-दोन तासांच्या पाळीनं बसू शकतात. रोज रात्री चार आकडे लिहायचे: किती दूध आलं, किती कप विकले, किती रक्कम जमली, किती माल फेकला. दुधाच्या लिटरमागे तेरा कपांचा हिशेब मार्चअखेरपर्यंत जुळत राहिला, आणि वही लिहिणारा गट परीक्षेच्या आठवड्यातही ती भरत राहिला, तर जूनमध्ये सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे नोंदणीचा अर्ज करा.